कच्चा आहार सुरू करताय? आधी गोळ्यांची पिशवी घेऊन या

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवार, आमच्या गावचा बाजाराचा दिवस. दवाखान्यात बसायला जागा नव्हती. साडेअकराच्या सुमारास एक रिक्षा दारात थांबली आणि दोघांनी धरून आमच्या गुरुजींना आत आणले. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय चौसष्ट. सदरा घामाने ओलाचिंब, हात थरथरत होते, नजर हरवलेली. बरोबर आलेल्या वहिनी रडकुंडीला आल्या होत्या. ‘‘डॉक्टर, सकाळपासून काहीतरीच बोलताहेत. मला विचारतात, घंटा झाली का म्हणून!’’

अर्धांगाचा झटका असावा असे शेजाऱ्यांना वाटले होते. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर पाहिली. ३८! शिरेतून ग्लुकोजचे इंजेक्शन दिले. पाच-सात मिनिटांत गुरुजींनी डोळे नीट उघडले, आजूबाजूला पाहिले आणि ओशाळून म्हणाले, ‘‘एवढी माणसं का जमलीत?’’

साखर वर आली म्हणून त्यांना घरी सोडले नाही. ते घेत असलेल्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून दिवस-रात्र देखरेखीसाठी रुग्णालयात ठेवले. संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा सगळा उलगडा झाला. गुरुजींनी बारा दिवसांपासून कच्चा आहार सुरू केला होता. सकाळी दुधी भोपळ्याचा रस, दुपारी मोड आलेले मूग, काकडी, गाजर, टोमॅटो, रात्री फळे. भाकरी, भात, वरण सगळे बंद. मुलाने मोबाईलवर पाठवलेल्या व्हिडिओत कोणीतरी सांगितले होते, चुलीवर चढलेले अन्न मेलेले असते, कच्चे खा, तीन महिन्यांत मधुमेह पळून जाईल. आणि मधुमेहाच्या गोळ्या? त्या मात्र पूर्वीसारख्याच चालू होत्या. दोन्ही वेळा, न चुकता. शिस्तीचा माणूस!

मी जरा रागानेच म्हणालो, ‘‘गुरुजी, अहो मला एका शब्दाने सांगायचे तरी!’’ गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘संक्रांतीच्या सुमारास विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हसलात. म्हणालात, गुरुजी, आता शेळीसारखा पाला खाणार का? म्हणून मग नाही सांगितलं.’’

वाचकहो, मला तो विनोद आठवतही नव्हता. गुरुजींना मात्र तो चांगलाच लागला होता. आजचा लेख त्या विनोदाची भरपाई म्हणून लिहितो आहे.

कच्च्या आहाराची टिंगल करण्याचे मला काही कारण नव्हते. ही कल्पना मोबाईलबरोबर आलेली नाही. १९२९ साली गांधीजींनी स्वतःवर न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि ‘यंग इंडिया’तून त्याबद्दल लिहिलेही होते. पुढे पोट बिघडून आव झाली तेव्हा प्रयोग थांबवला आणि तेही लोकांपासून लपवले नाही. १९४६ साली पुण्याजवळच्या उरुळी कांचनला त्यांच्याच प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. आपल्यापैकी अनेकांच्या घरातले कोणी ना कोणी तिथे जाऊन आलेले असेल.

शिवाय कच्च्या भाज्या आणि फळे यांचे गुण निर्विवाद आहेत. त्यांत चोथा भरपूर, त्यामुळे पोट साफ राहते आणि साखर सावकाश चढते. उष्णतेने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट होते, ते कच्च्यात टिकते. तेल, मीठ आणि साखर आपोआप कमी होतात, वजन उतरते. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम भाज्या-फळे खा म्हणून सांगते. आपल्याकडे वाटीभर रश्श्यात चार फोडी असतात, त्यालाच आपण भाजी म्हणतो. तेव्हा ‘कच्चे खा’ म्हणणारा माणूस अगदीच चुकीचे सांगत नसतो.

पण शिजवलेले अन्न मेलेले असते, हे खरे नाही. गाजर, टोमॅटो शिजवले की त्यांतली काही उपयोगी द्रव्ये शरीराला अधिक सहज मिळतात. कडधान्यांतले पचनाला अडथळा आणणारे घटक शिजवल्याने निष्प्रभ होतात. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा तर चक्क विषारी ठरतो, उलट्या-जुलाब होतात. जर्मनीत वर्षानुवर्षे कच्चा आहार घेणाऱ्या २०१ जणांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे वाईट कोलेस्टेरॉल कमी होते, ही जमेची बाजू. पण चांगले कोलेस्टेरॉलही कमी होते आणि शंभरात अडतीस जणांना बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. आपल्याकडच्या शाकाहारी माणसात हे जीवनसत्त्व आधीच कमी सापडते. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर त्या गोळीनेही ते कमी होते. वर दूध-दहीही सोडले की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. मग तोच माणूस म्हणतो, साखरेने नसा गेल्या.

पण माझा खरा मुद्दा कच्चे चांगले की शिजवलेले हा नाही. धडधाकट माणसाने महिनाभर कच्चे खाल्ले तर फार तर त्याचे पोट फुगेल, वजन उतरेल आणि पंधराव्या दिवशी पिठल्याची आठवण येईल. प्रश्न आहे तो गोळ्या चालू असलेल्या माणसाचा. तुमची गोळी तुमचे ताट पाहून ठरवलेली असते. ताट बदलले की गोळीचे माप चुकते. चालू गोळ्यांसकट कच्चा आहार सुरू करणे म्हणजे स्वतःच्या हाताने औषधाचा डोस बदलणे आहे. गोळी तीच दिसते म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही.

गुरुजींचेच पाहा. त्यांना ग्लिमेपिराईड चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडते. समोर भाकरी आहे की काकडी, हे ती विचारत नाही. एका भाकरीत जेवढे पिष्ट असते तेवढे मिळवायला जवळजवळ किलोभर काकडी खावी लागेल. म्हणजे आहारातले पिष्ट निम्म्याहून कमी झाले आणि इन्शुलिन मात्र पूर्वीइतकेच सुटत राहिले. साखर ३८ वर आली नसती तरच नवल. इन्शुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांना हा धोका आणखी जास्त. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा अशी घसरत नाही. पण आपल्या पाकिटात कोणती गोळी आहे, एकीत दोन औषधे मिसळलेली आहेत का, हे किती जणांना ठाऊक असते? अलीकडे डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या स्वस्त झाल्याने गावोगाव पोहोचल्या आहेत. त्या चालू असताना भाकरी-भात एकदम तोडला किंवा उपास केला, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी आणि धाप ही त्याची लक्षणे. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’ म्हणून ती अंगावर काढू नयेत.

आहाराने मधुमेह आटोक्यात येतो, हे खोटे नाही. २०१७ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अगदी कमी उष्मांकाचा आहार देऊन वजन उतरवल्यावर वर्षाअखेर जवळजवळ निम्म्या रुग्णांचा मधुमेह गोळ्यांशिवाय ताब्यात राहिला. तो आहार कच्चा नव्हता, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आहार सुरू करतानाच डॉक्टरांनी त्यांच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या होत्या आणि पुढे लक्ष ठेवले होते. व्हिडिओत पहिले अर्धेच सांगतात.

आता मूत्रपिंडाचे. पन्नाशीच्या एका मावशींची किडनी थोडी कमजोर झालेली, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू. शक्ती येईल म्हणून त्यांनी रोज सकाळी पालक-टोमॅटोचा रस आणि शहाळ्याचे पाणी सुरू केले. तीन आठवड्यांनी पायांतले बळच गेले, उठवेना. ईसीजी पाहिला आणि त्यांना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. रक्तातले पोटॅशियम इतके वाढले होते की हृदय कोणत्याही क्षणी बंद पडले असते. डायलिसिसने वाचल्या.

पोटॅशियम हे काही विष नाही. ते पालेभाज्यांत, फळांत, शहाळ्यात भरपूर असते आणि निरोगी किडनी जास्तीचे बाहेर टाकते. किडनी थकलेली असेल तर ते साठते. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांनीही ते वाढते. म्हणून अशा रुग्णांना आम्ही सांगतो, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. इतरांना जीवनसत्त्वे वाया जातात म्हणून जे करू नका म्हणतो, तेच यांना करा म्हणतो. पालकातले ऑक्झलेटही उकळून पाणी टाकल्याने कमी होते. पालकाचा कच्चा रस पेल्याने रोज पोटात गेला तर तेच ऑक्झलेट किडनीत साचते. आणि किडनीच्या रुग्णांनी कमरख म्हणजे करमळाचे फळ तर चाखूही नये. त्यातल्या एका द्रव्याने उचकी, गोंधळ, फिट्स येऊन जीव गेल्याची उदाहरणे आहेत.

हृदयाची झडप बदललेल्यांनाही एक इशारा. रक्त गोठू नये म्हणून वॉर्फरिन किंवा असेनोकुमारोल चालू असेल, तर हिरव्या पालेभाज्यांतले ‘के’ जीवनसत्त्व या औषधाच्या विरुद्ध काम करते. भाज्या बंद करायच्या नाहीत. पण आज जुडी आणि उद्या काहीच नाही, असेही चालत नाही. ताट बदलायचे तर पी.टी.ची रक्ततपासणी करून गोळीचे माप पुन्हा बसवावे लागते. रक्तदाबासाठी लघवी जास्त होणारी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाने मीठ एकदम तोडले आणि वर पाणी-रस पीत सुटला, तर रक्तातले सोडियम उतरून तो भ्रमिष्टासारखे बोलू लागतो. घरच्यांना वाटते, म्हातारपण आले.

स्वच्छतेचा प्रश्न वेगळाच. आपल्याकडची पालेभाजी कोणत्या पाण्यावर वाढते, हे नाल्याकाठचे मळे पाहिलेल्यांना सांगायला नको. कच्च्या भाजीबरोबर जंत, आव, काविळीचे विषाणू आणि मेंदूत गाठी करून फिट्स आणणारी टेपवर्मची अंडी पोटात जाऊ शकतात. मोड आलेली कडधान्ये पौष्टिक खरी, पण मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून पसरलेल्या जंतूने पन्नासहून अधिक माणसे दगावली. तेव्हा मोडांना एक वाफ द्या. दुधीचा रस काढण्याआधी फोडीचा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या, आत काकडी किंवा पुदिना घालून कडूपणा झाकू नका. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, या प्रश्नासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती.

मग करायचे काय? माझे मत सरळ आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, किडनीचे रुग्ण, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे, तसेच वजन आधीच कमी असलेले क्षयाचे रुग्ण यांनी संपूर्ण कच्च्या आहाराच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी जरूर करावे, पण या रीतीने :

१) सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. आयुर्वेदिक काढे आणि चूर्णेही त्यातच. तोंडी नावे सांगू नका, पाकिटेच दाखवा. आठवडाभर काय खाणार आहात ते कागदावर लिहून न्या.

२) साखर, क्रिएटिनीन, सोडियम-पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन आधी तपासा आणि दोन आठवड्यांनी डॉक्टर सांगतील त्या तपासण्या पुन्हा करा. बी-१२ एकदा जरूर पाहा.

३) गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि ताट बदलल्यावर जुन्याच मापाने चालूही ठेवू नका. दोन्हींत धोका आहे.

४) मधुमेह्यांनी पहिले दोन आठवडे घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी, जेवणाआधी आणि झोपताना साखर पाहून वहीत लिहावी. ७० च्या खाली आली, किंवा घाम, थरथर, एकाएकी भूक, चिडचिड वाटली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नये, सरळ दवाखाना गाठावा. हे घरातल्या माणसांनाही शिकवून ठेवावे.

५) सगळे एका दिवसात बदलू नका. आपल्या पानात कच्च्याची जागा पूर्वापार ठरलेली आहे, ती डावी बाजू. लिंबू, चटणी, कोशिंबीर. पानाची ही डावी बाजू चमचाभरावरून वाटीभर करा, मग दोन वाट्या करा आणि त्या मानाने भात-भाकरी कमी करा. काकडी, गाजर, मुळा, कोबी, कांदा, कैरी, जो हंगाम असेल तो. वरण, उसळ आणि दही-ताक सोडू नका. रसापेक्षा फळ चावून खा, रसात चोथा जातो आणि साखर उरते. दात नसतील तर किसून घ्या.

६) भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पालेभाजीचे पान न् पान सुटे करून. बाहेरची कापून ठेवलेली फळे आणि हातगाडीवरचा रस नको.

आता थोडे आमच्या बाजूचे. रुग्ण डॉक्टरांपासून आहार लपवतो, कारण तो सांगतो तेव्हा आम्ही हसतो किंवा खेकसतो. आमच्या शिक्षणात आहारावरची व्याख्याने बोटांवर मोजण्याइतकी होती आणि ओपीडीत एका माणसाला पाच मिनिटेही मिळत नाहीत. पण ‘काय खाता?’ हे विचारायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट मी संक्रांतीला दिले असते, ग्लिमेपिराईड कमी केली असती, तर गुरुजी बाजाराच्या दिवशी बायकोला शाळेची घंटा विचारत बसले नसते. व्हिडिओतला माणूस दहा मिनिटे गोड बोलतो, आम्ही एक वाक्य बोलतो, तेही तिरकस. लोक त्याचे ऐकतात याचे आश्चर्य वाटायला नको. माझ्या व्यवसायबंधूंनीही याचा विचार करावा.

गुरुजींचा कच्चा आहार मी बंद केला नाही. दोन वेळा एकेक भाकरी, वाटीभर वरण आणि ताक परत आणले, बाकी अर्धे ताट कच्चे राहू दिले. ग्लिमेपिराईड आधी निम्मी केली, मग दोन महिन्यांनी थांबवली. मेटफॉर्मिन चालू आहे, बी-१२ची गोळी जोडली आहे. वजन पाच किलोंनी उतरले. मधुमेह पळून गेलेला नाही, पण ताब्यात आहे. दर महिन्याला ते चौकटी आखलेली वही घेऊन येतात, डाव्या रकान्यात ताट आणि उजव्या रकान्यात साखर. अक्षर अर्थातच माझ्यापेक्षा चांगले. मी वही तपासतो आणि ते माझी गोळ्यांची चिठ्ठी तपासतात. गेल्या खेपेला त्यांनी माझी एक चूक काढली, गोळी सकाळची होती आणि मी रात्रीची लिहिली होती.

तेव्हा वाचकहो, तुमच्याही घरात कोणी कच्चा आहार सुरू केला असेल, किंवा करण्याच्या विचारात असेल, तर त्यांना अडवू नका, हसू तर मुळीच नका. एवढेच विचारा, डॉक्टरांना सांगितले का? नसेल सांगितले तर आजच गोळ्यांची पिशवी भरा आणि त्यांच्याबरोबर जा.